डच शिकताना मराठी बाजूला ठेवू नका

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आल्यावर पहिलं वर्षभर मी डच इंग्रजीतून शिकले. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, मनातलं भाषांतरही इंग्रजीतूनच. शब्द भराभर पाठ झाले, वाक्य काही जुळेना. एकदा आजारी होते म्हणून ऑफिसात फोन केला आणि म्हटलं, ‘ओम्दात इक बेन झीक’. पलीकडून सहकारी बाईंनी प्रेमाने दुरुस्त केलं, ‘ओम्दात इक झीक बेन’. ते वहीत उतरवलं आणि खाली मराठी लिहिलं: कारण मी आजारी आहे. ओम्दात कारण, इक मी, झीक आजारी, बेन आहे. शब्दाखाली शब्द बसला होता!

त्या दिवसापासून माझं डच खऱ्या अर्थाने सुरू झालं. ‘ओम्दात’ किंवा ‘दात’ (की) आलं की पुढचं क्रियापद आपल्यासारखंच शेवटी जातं. ‘दात इक हेम खझीन हेप’ म्हणजे ‘की मी त्याला पाहिलं आहे’. इथे ‘हेप खझीन’ असंही चालतं. डच लोक या दोन क्रमांना लाल आणि हिरवा म्हणतात. आपला तो हिरवा. मात्र ‘वान्त’चा अर्थही ‘कारण’च, आणि त्याच्यामागे साध्या वाक्याचा क्रम राहतो: ‘वान्त इक बेन झीक’. हे एक वेगळं घोकावं लागतं.

साध्या वाक्यात काय करायचं? आधी मराठीत वाक्य मांडा: मी काल सायकल घेतली आहे. आता फक्त ‘आहे’ उचलून दुसऱ्या जागी ठेवा: ‘इक हेप खिस्तरन अन फीट्स खकोख्त’. सुरुवात ‘काल’ने केली तरी क्रियापद दुसऱ्याच जागी, कर्ता त्याच्या मागे: ‘खिस्तरन हेप इक...’. ही पळवाट नव्हे. १९७५ मध्ये यान कोस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने डचचा मूळ क्रम कर्ता-कर्म-क्रियापद असाच आहे, असं मांडलं होतं.

डच नामांआधी इंग्रजी ‘the’सारखं ‘द’ किंवा ‘हेत’ लागतं; त्यांच्या बाबतीत मराठी लिंगं कामाला येत नाहीत. प्रत्येक नाम त्याच्यासकटच पाठ करा. ‘-ये’ लागलेली लहानपणदर्शक नामं तेवढी सगळी ‘हेत’.

स्टाट्सएक्झामन या सरकारी डच परीक्षेत बी१ (मध्यम) पातळीच्या लेखनात अर्धवट वाक्यं पुरी करायला येतात, तिथे मराठीतून वाक्य मांडायची ही सवय फार उपयोगी पडते. ऐकतानाही पडते. ‘दू हेत लिख्त आन’ म्हणजे दिवा लाव, ‘दू हेत लिख्त आउट’ म्हणजे बंद कर. काय करायचं ते शेवटच्या शब्दाला कळतं. ‘मी उद्या तुमच्याकडे येणार’ एवढं ऐकून आपणही ‘आहे’ की ‘नाही’ची वाट बघतोच ना? डच माणूस बोलत असेल तेव्हा तशीच वाट बघा.