ईजीआर कूलरच्या नळ्या सुधारताना या चुका टाळा

डिझेल इंजिनाच्या धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरात सोडला, की ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. धूर असा परत फिरवण्याला ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) म्हणतात, आणि तो थंड करण्याचे काम ईजीआर कूलर करतो: धूर बारीक नळ्यांतून जातो आणि नळ्यांभोवती कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, खेळत असते. एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या प्रदूषणाची बीएस-६ (भारत स्टेज ६) मानके लागू झाली, तेव्हा डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली, आणि त्यानंतर कूलरकडून जास्त काम मागणारे अभियंतेही वाढले. चाकण-पिंपरी पट्ट्यातील टेस्ट सेलमध्ये, म्हणजे इंजिन चाचणीच्या खोल्यांमध्ये, मी त्यांच्यापैकी अनेकांबरोबर काम केले आहे. त्यांच्या चुका इतक्या ठरलेल्या असतात, की चाचणीचा अहवाल उघडण्यापूर्वीच मला त्या ओळखू येऊ लागल्या आहेत.

पाण्याच्या बाजूला घाम गाळणे

उष्णता धुरातून नळीच्या भिंतीत आणि भिंतीतून कूलंटमध्ये जाते. या वाटेवरचा जवळजवळ सगळा अडथळा धुराच्या बाजूला असतो. साध्या नळीत धुराच्या बाजूचा उष्णता संक्रमण गुणांक (उष्णता किती सहज पार होते त्याचे माप) १५० वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन धरला आणि कूलंटच्या बाजूचा ५,००० धरला, तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या भिंतीसह एकूण गुणांक सुमारे १४५ येतो. आता कूलंटचा प्रवाह वाढवून त्या बाजूचा गुणांक दुप्पट केला, तर १४५ चे १४७ होतात. स्टीलऐवजी तांब्याची नळी घातली, तर एक पूर्ण वॅटही पदरात पडत नाही, आणि वर धुरातल्या आम्लयुक्त पाण्याने तांबे खाल्ले जाते ते वेगळेच. तरीही दर वर्षी कोणीतरी मोठ्या पंपाचा किंवा भारी धातूचा प्रस्ताव घेऊन येतो. पाच मिनिटांची आकडेमोड टाळण्यासाठी पाच आठवडे खर्च करण्याची ही हौस मला आजवर समजलेली नाही.

स्वच्छ नळीच्या आकड्यांवर भाळणे

ही माझी सर्वात नावडती चूक आहे, आणि ती मी स्वतःही केली असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या चमूने साध्या नळ्यांच्या कूलरमध्ये पिळाच्या पट्ट्या सरकवल्या. पट्टीमुळे धूर गोल फिरत पुढे जातो, भिंतीलगतचा संथ थर मोडतो आणि गुणांक वाढतो. यात चूक काहीच नाही. गरम हवेच्या रिगवर, म्हणजे इंजिनाऐवजी गरम हवा सोडणाऱ्या चाचणीच्या मांडणीवर, निकाल इतके सुरेख आले, की आम्ही दुसऱ्याच दिवशी सादरीकरण केले. मग तो कूलर इंजिनावर चढला. पहिल्या दिवशी सर्व काही ठीक होते. नंतर कमी भाराच्या आणि थंड कूलंटच्या चक्रांमध्ये धुराचा प्रवाह ठरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह रोज थोडा अधिक उघडू लागला, कारण ठरलेला प्रवाह राखण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला उघडायला लावत होता. आठवडाअखेर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता आणि ऑक्साइडांचा आकडा वर चढत होता. कूलर कापून पाहिला, तेव्हा पट्टी आणि भिंत यांच्या प्रत्येक कोपऱ्यात ओलसर, चिकट काजळी दाबून भरलेली होती आणि काही नळ्यांतून उजेडही आरपार येत नव्हता. रिगवरच्या हवेत काजळी नव्हती, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

तुपाच्या दिव्यावर थंड ताट उपडे धरून काजळ पाडणाऱ्या घरोघरच्या आज्यांना या घटनेचे नवल वाटले नसते. गरम वायूतील सूक्ष्म कण थंड पृष्ठभागाकडे ढकलले जातात आणि तिथे चिकटतात. कूलरची नळी म्हणजे असेच एक थंड ताट आहे. या थराची उष्णता वाहकता साधारण ०.०४ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, म्हणजे स्थिर हवेच्या जवळपास असते, कारण थरात घन पदार्थ थोडा आणि पोकळी फार असते. वर घेतलेल्या साध्या नळीवर असा फक्त ०.२ मिलिमीटरचा थर बसला, तर १४५ चा गुणांक ८४ वर येतो. धुराच्या बाजूचा गुणांक दुप्पट केलेली सुधारित नळी स्वच्छ असताना २८१ देते आणि तेवढ्याच थरानंतर फक्त ११७. सादरीकरणात जवळजवळ दुप्पट दिसणारा फायदा प्रत्यक्षात चाळीस टक्क्यांच्या आसपास उरतो. नळी जितकी चांगली, तितकी काजळी तिला महाग पडते.

म्हणून माझी सवय अशी आहे: कोणतीही नवी नळी आली, की आधी ती मुद्दाम घाण करतो. कमी भार, थंड कूलंट आणि भरपूर ईजीआर ठेवून इंजिन चालवतो, आणि कार्यक्षमतेचा आलेख घसरून सपाट होईपर्यंत थांबतो. तो सपाट झाल्यावर येणारा आकडाच मी खरा मानतो. ‘साहेब, दोन तासांत पुरेसा अंदाज येतो’ असे म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. कापलेला तो जुना कूलर टेबलावर ठेवला आहे, तो दाखवतो. नळीच्या बाबतीत माझा कल उथळ सर्पिल खाचांच्या नळीकडे आहे, कारण तिच्या आत वेगळा जोड नसतो आणि काजळीला दडायला कोपराही मिळत नाही. दाट पंखांच्या नळ्या मी फक्त काजळी गाळणाऱ्या पार्टिक्युलेट फिल्टरनंतर धूर घेणाऱ्या कमी दाबाच्या ईजीआरमध्ये मान्य करतो.

बाहेरचे तापमान उतरले म्हणून आनंद मानणे

धूर कूलरमधून जातो तो एक्झॉस्ट आणि इनटेक मॅनिफोल्डमधील (धूर बाहेर नेणारी आणि हवा आत घेणारी नळकांडी) दाबाच्या फरकामुळे, आणि हा फरक मुळातच थोडा असतो. खोल खाचांच्या नळीने प्रेशर ड्रॉप, म्हणजे नळीत खर्च होणारा दाब, वाढवला, की प्रवाह घटतो. घटलेल्या प्रवाहाला नळीत अधिक वेळ मिळतो, त्यामुळे तो अधिक थंड होऊन बाहेर पडतो, आणि पडद्यावरचा हा कमी आकडा पाहून सगळे खूश होतात. कूलर प्रत्यक्षात बिघडलेला असतो. दोन नळ्यांची तुलना समान प्रवाहालाच करावी, आणि तो प्रवाह इनटेक व एक्झॉस्टमधील कार्बन डायऑक्साइड मोजून तपासावा.

मोजमापाचा ताळा न घेणे, म्हणजे धुराने दिलेली आणि कूलंटने घेतलेली उष्णता जुळते का ते न पाहणे, हे याच चुकीचे भावंड आहे. सेकंदाला ४० ग्रॅम धूर ६०० अंशांवरून १५० अंशांवर आणला, तर सुमारे २० किलोवॅट उष्णता निघते. ती मिनिटाला ३० लिटर वाहणाऱ्या निम्म्या ग्लायकॉलच्या कूलंटला साधारण ११ अंशच तापवते. म्हणजे कूलंटच्या थर्मोकपलमध्ये (तापमान मोजणाऱ्या तारेत) एका अंशाची चूक झाली, तर ताळा नऊ टक्क्यांनी हुकतो. मी या दोन थर्मोकपलांची जोडी प्रत्येक चाचणीआधी एकाच गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून पाहतो. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून नवखी मुले ते सर्वांत आधी वगळतात.

प्रतिप्रवाहाचा हट्ट

पुस्तकात धूर आणि कूलंट यांचा विरुद्ध दिशेचा प्रवाह सरस असतो म्हणून कूलरची जोडणी उलटवणारे मी पाहिले आहेत. वरच्याच उदाहरणात कूलंटची उष्णता धारण करण्याची क्षमता धुराच्या चाळीसपट आहे. इतक्या फरकात दिशेने जवळजवळ काहीच बदलत नाही. तोटा मात्र निश्चित होतो. आधीच तापलेला कूलंट सर्वांत गरम टोकाला पोहोचतो, तिथे उकळतो, वाफेचा थर भिंतीला चिकटतो आणि ब्रेझिंगच्या (वितळवलेल्या धातूने केलेल्या) जोडाला तडे जातात. थंड कूलंट धुराच्या प्रवेशाकडूनच आत घ्यावा, आणि कूलरच्या वरच्या टोकाला हवा काढण्याची वाट ठेवावी, कारण अडकलेला हवेचा बुडबुडाही हेच नुकसान करतो.

उरलेल्या, पण रोजच्या

नळीतील उष्णता संक्रमण गुणांक काढण्याचे डिट्टस-बोल्टर सूत्र दहा हजारांहून अधिक रेनॉल्ड्स अंकासाठी (प्रवाह किती खळबळलेला आहे त्याचे माप) आहे. आठ मिलिमीटरच्या नळीतून सेकंदाला एक ग्रॅम धूर गेला, तर तो अंक पाच हजारांच्या आसपासच राहतो, त्यामुळे मी तिथे ग्निएलिन्स्कीचे सूत्र वापरतो. थंड इंजिनावर बायपास (कूलर टाळून जाणारी धुराची वाट) बंद ठेवून धूर कूलरमधून नेला, तर न जळलेले इंधन भिंतीवर साचून काजळीचा रोगण होतो, आणि तो नंतर कोणत्याही वेगाच्या धुराने निघत नाही. खाचांच्या नळीत तारेचा ब्रश घालू नये. साफ केलेला कूलर दाबाची गळती चाचणी केल्याशिवाय परत बसवू नये, कारण कित्येकदा काजळीनेच बारीक तडा बुजवलेला असतो आणि तो उघडा पडला की कूलंट थेट इंजिनात उतरतो.