बंध ओळखायचे तर चाचण्यांचा क्रम चुकवू नका

तासगाव भागात बेदाण्याचा हंगाम आला की कृषी सेवा केंद्रात दोन वस्तू जोडीने विकल्या जातात: पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे द्राक्षे वाळवण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात त्यातले तेल. अणूंमधल्या बंधांवरून पदार्थांचे वर्गीकरण शिकायला याहून चांगली जोडी मिळणे अवघड. पहिले आयनिक, म्हणजे विरुद्ध विद्युतभाराच्या आयनांच्या ओढीने बांधलेले, द्रवणांक 891 अंश सेल्सिअस. दुसरे मुख्यतः इथाइल ओलिएट, सहसंयुज बंधांचे, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले, साध्या तापमानाला द्रवच. यांच्या जोडीला खडेमीठ, साखर, तुरटी, मोरचूद, कापूर, तांब्याची तार, संगमरवराचा तुकडा आणि माळावरची एक गारगोटी घ्या.

तपासणीसाठी 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, 470 ओहमचा रेझिस्टर आणि टोकांना पेन्सिलीची दोन शिसे एकसरीत जोडा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. रेझिस्टर गाळलात तर एलईडी जळतो. टॉर्चचा जुना बल्ब इथे उपयोगाचा नाही, कारण पातळ द्रावणातून जेमतेम काही मिलिअँपिअर प्रवाह जातो. घरातल्या प्लगची वीज कधीही वापरू नका.

आधी कोरडा घन पदार्थ दोन्ही शिसांना टेकवून तपासा; एलईडी लागला तर त्यातून वीज वाहते. तारेवर एलईडी लख्ख लागतो. शिशातल्या ग्रॅफाइटवरही लागतो, आणि इथेच बरेच जण त्याला धातू ठरवून मोकळे होतात. ग्रॅफाइट हे कार्बनचे सहसंयुज जाळे आहे. दर अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा राहतो म्हणून वीज वाहते. हातोडीने ठोका: तांबे चपटे होते, शिसाचा भुगा होतो. पोटॅशियम कार्बोनेट हवेतले पाणी ओढते, त्यामुळे उघड्या पुडीतली भुकटी घन असूनही मंद उजेड देऊ शकते. चमच्यात चांगली तापवून लगेच तपासली की एलईडी विझलेला राहतो.

मग पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर 50 मिली घ्या आणि आधी नुसते पाणी तपासा. बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की एलईडी आपोआप लागतो आणि साखरही आयनिक ठरते. पाणी बरोबर निघाले की अर्धा छोटा चमचा पदार्थ विरघळवा. मीठ, तुरटी, मोरचूद, कार्बोनेट उजेड देतात. साखर देत नाही. दर नमुन्यानंतर शिसे धुवा, नाहीतर मिठाचा अंश साखरेत जातो. मिठाच्या द्रावणात क्लोरीन सुटतो, म्हणून पाच-दहा सेकंदांतच शिसे बाहेर काढा आणि खिडकी उघडी ठेवा. डिपिंग ऑइल पाण्यात दुधासारखे पांढरे होते ते विरघळल्यामुळे नव्हे. तेलात मिसळलेल्या इमल्सिफायरमुळे त्याचे बारीक थेंब तरंगत राहतात.

तापवणे शेवटी ठेवा, कारण फसवणूक इथे सर्वांत जास्त. चष्मा लावा, जुना स्टीलचा चमचा आणि स्पिरिटचा दिवा घ्या, पदार्थ चिमूटभरच. साखर 185 अंशांच्या आसपास वितळू लागते आणि लगेच तपकिरी पडते. मीठ तडतडते, कारण खड्यात अडकलेले पाणी वाफ होऊन तो फोडते. पण 801 अंश या चमच्यात गाठले जात नाहीत. तुरटी मात्र 92 अंशांनाच पातळ होते. नुसत्या द्रवणांकावर गेलात तर ती साखरेच्या पंगतीत बसेल. प्रत्यक्षात ती स्वतःच्या स्फटिकजलात, म्हणजे स्फटिकातच बांधलेल्या पाण्यात, विरघळते. तापवत राहिलात की पाणी उडून तुरटीची लाही फुलते. मोरचुदाचा निळा रंग जाऊन तो पांढरट पडला की थांबा, पुढे विषारी वायू सुटतात. थंड झाल्यावर एक थेंब पाणी टाका, निळा रंग परततो. हा चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. कापूर ज्योतीवर धरू नका, पेटतो. उघड्यावर ठेवलेली वडी आपोआप झिजते, रेणूंमधली ओढ कमी असल्याची तेवढी खूण पुरे.

वीज नाही, विरघळत नाही, वितळत नाही, असे दोन उरतात. गारगोटी म्हणजे सिलिकाचे जाळे, काचेवर ओरखडा काढते. संगमरवर काढत नाही, पण व्हिनेगरमध्ये फसफसतो. तो आयनिकच, फक्त पाण्यात जवळजवळ न विरघळणारा.

राहता राहिले व्हिनेगर. त्यातले ॲसिटिक ॲसिड सहसंयुज, तरी पाण्यात थोडेसे आयन सुटतात आणि एलईडी मंद लागतो. द्रावण आम्ल आहे का हे पाहायला सांगलीत हळदीला तोटा नाही, पण ती आम्लात पिवळीच राहते, तेव्हा आम्लात लाल होणारा लिटमस कागदच हवा. आणि लिटमस लाल झाला म्हणून पदार्थ सहसंयुज, असेही नाही: तुरटी आणि मोरचुदाची द्रावणेही आम्लधर्मी असतात. अशा वेळी सूत्रात धातूचा किंवा अमोनियमचा आयन आहे का ते पाहा, मगच आयनिक की सहसंयुज ते ठरवा.