जिनिंगच्या ऑफिसातली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी: युजर कसे बनवायचे, बंद कसे करायचे आणि काटाबाबू लॉक झाला तर काय करायचं

नोव्हेंबरातली सकाळ, साडेसात वाजलेत, गेटबाहेर कापसाच्या बंड्या आणि टेम्पो पार रोडपर्यंत लागलेत, आणि काटाबाबूचा, म्हणजे गाड्यांचं वजन करून पावती काढणाऱ्या क्लार्कचा, फोन येतो, "भाऊ, मशीन मले आत घेऊनच नाही राहिली, अकाउंट लॉक म्हणते." मी तसाच चहा सोडून लॅपटॉप उघडला, अकाउंट अनलॉक केलं, दहा मिनिटांनी परत लॉक, परत अनलॉक, परत लॉक. तिकडे बंडीवाले शिव्या देऊन राहिले, दिवाणजी वेगळे तापलेले. शेवटी कारण काय निघालं ते खाली सांगतो, पण त्या दिवसापासून मी ठरवलं की युजरचं काम एकदा नीट बसवायचं, आणि कसं बसवलं ते इथं लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल.

आधी आमचा पसारा सांगतो. आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, मुख्य ऑफिस हिंगणघाटला, दुसरं युनिट वणीकडे, दोन्ही मिळून साठेक कम्प्युटर, एक सर्व्हर इकडे एक तिकडे. सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, जी विंडोज २००० सोबत आली आणि आजही बहुतेक ऑफिसात तीच चालते. सोप्या भाषेत सांगायचं तर हे तलाठ्याचं दप्तर आहे, कोण माणूस, कोणतं मशीन, कोणाला काय उघडायची मुभा, सगळं एकाच जागी लिहिलेलं, आणि प्रत्येक कम्प्युटर आत घ्यायच्या आधी त्या दप्तरालाच विचारतो.

नवीन माणूस लागला की बहुतेक जण सर्व्हर उघडून राईट क्लिक, न्यू, युजर करतात आणि मोकळे होतात. तसं करू नका. आधी नावाची पद्धत ठरवा. आमच्याकडे चार राऊत, तीन राठोड, आणि वानखडे-वानखेडेचा घोळ वेगळाच, एकाच माणसाच्या आधारवर एक स्पेलिंग आणि पासबुकावर दुसरं. म्हणून नियम केला की स्पेलिंग पगाराच्या बँक खात्यावर आहे तेच, आधी आडनाव मग नावाचं पहिलं अक्षर, आणि तरी जुळलं तर पुढं आकडा. अजून एक, जुन्या पद्धतीच्या लॉगऑन नावाला वीस अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं कोंबायला जाल तर मध्येच अडकाल. आणि "काटा१" किंवा "अकाउंट२" अशी नावं माणसाला देऊ नका. आमच्या काट्यावर वर्षभर तिघं जण एकच अकाउंट वापरत होते, मी किती भांडलो तरी कोणी ऐकेना, मग एका रात्री एका गाडीच्या पावतीत वजन चुकलं आणि पावती कोणी काढली हे शेवटपर्यंत कळलं नाही, तेव्हा कुठं मालकांनी तिघांना तीन अकाउंट द्या म्हणून सांगितलं.

आता माझीच चूक सांगतो. सीझनला नवीन क्लार्क आला, घाई होती, म्हणून मी दिवाणजींच्या अकाउंटवर राईट क्लिक करून कॉपी मारलं. कॉपीमध्ये ग्रुप, म्हणजे ज्यावरून काय काय उघडायची मुभा ठरते ते गट, सगळे जसेच्या तसे येतात. आठ दिवसांनी पोरगा जेवताना सहज बोलून गेला की अमुकचा पगार तर लय कमी आहे. पगाराचं फोल्डर उघडं होतं ना त्याला! तेव्हा कॉपी मारायचीच तर जिवंत माणसाची नाही मारायची, प्रत्येक कामाचा एक नमुना युजर बनवून तो बंद करून ठेवायचा, नमुना-काटा, नमुना-अकाउंट, नमुना-गोडाऊन, आणि त्याचीच कॉपी काढायची. नवीन अकाउंट बनवताना "युजर मस्ट चेंज पासवर्ड अ‍ॅट नेक्स्ट लॉगऑन" वर टिक ठेवायची, म्हणजे पहिला पासवर्ड तुम्हाला माहीत असला तरी दुसरा त्याचा त्यालाच. फक्त तो माणूस रिमोट डेस्कटॉपवरूनच, म्हणजे दुसऱ्या जागेवरून नेटवर्कनं मशीन उघडून, पहिल्यांदा आत येणार असेल तर ही टिक बहुतेक वेळा अडवते, कारण आत यायच्या आधीच ओळख तपासली जाते आणि पासवर्ड बदलायची खिडकी समोर येतच नाही. वणीच्या एका पोराला मी यापायी अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं.

सीझनच्या माणसासाठी अजून एक भारी सोय आहे जी कोणी वापरत नाही. अकाउंट टॅबवर खाली "अकाउंट एक्स्पायर्स" आहे, तिथं तारीख टाकून द्यायची. आमचे रेचे (जिनिंगची मशीनं) दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि एप्रिलपर्यंत चालतात, म्हणून मी सीझनवाल्या सगळ्यांना ३० एप्रिल टाकतो, तो दिवस पूर्ण चालतो आणि मग आपोआप बंद. पुढच्या सीझनला तोच माणूस आला तर तारीख पुढे सरकवायची, बस.

हे मी डिलीट न करता तारखेवर काहून भागवतो? कारण एकदा हात पोळलाय. मार्चमध्ये एक जण काम सोडून गेला, मी अकाउंट उडवून टाकलं. नोव्हेंबरात परत आला, मी त्याच नावानं नवीन बनवलं, स्पेलिंग तेच, आणि त्याचं स्वतःचंच जुनं फोल्डर त्याला उघडेना. डिरेक्टरी माणसाला नावानं ओळखतच नाही, प्रत्येक अकाउंटला एक एसआयडी नावाचा नंबर असतो आणि सगळे हक्क त्या नंबरावर लिहिलेले असतात. गावात एकाच नावाचे दोन माणसं असले तरी सातबारा गट नंबरावर चालतो ना, तसंच. उडवलेला नंबर नवीन अकाउंटला परत मिळत नाही. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबवर एस-१-५-२१ नं सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला तर समजायचं, हा कोणीतरी मेलेला युजर आहे ज्याचं नाव आता दप्तरात नाही.

यावर रिसायकल बिन आहे, सर्व्हर २००८ आर२ पासून, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते आणि एकदा चालू केली की बंद होत नाही. चालू असेल तर नेहमीच्या सेटिंगला १८० दिवसांपर्यंत उडवलेला युजर ग्रुपांसकट परत येतो. ज्यांनी केली नसेल त्यांनी आजच करा. माझ्या त्या माणसाला तिचाही उपयोग नव्हता म्हणा, मार्च ते नोव्हेंबर म्हणजे आठ महिने, १८० दिवस कधीचेच उलटून गेलेले.

म्हणून कोणी सोडून गेला की मी आधी अकाउंट डिसेबल करतो, पासवर्ड बदलून टाकतो, डिस्क्रिप्शनमध्ये तारीख आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं ते लिहितो आणि "गेलेले" नावाच्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतला एक कप्पा) सरकवतो. वर्षभर तिथंच. आणि भांडून गेला असेल तर नुसतं डिसेबल करून घरी जाऊ नका, तो ज्या मशीनवर बसला होता तिथून त्याला लॉगऑफ करा, कारण सकाळी लॉगिन करताना मिळालेलं केर्बेरोसचं (विंडोजची ओळख तपासायची पद्धत) तिकीट साध्या सेटिंगला दहा तास चालतं आणि उघडी असलेली फायल तशीच उघडी राहू शकते.

ग्रुपचं आता बोलतो, खरी मेहनत इथंच आहे. फोल्डरवर कधीच माणसाचं नाव टाकायचं नाही. मी दोन थर ठेवलेत. पहिला थर कामाचा, म्हणजे काटा, ग्रेडर, अकाउंट, गोडाऊन असे ग्लोबल ग्रुप, माणसं फक्त यातच. दुसरा थर फोल्डरचा, पगार-वाचणे, पगार-लिहिणे, गाठी-वाचणे, गाठी-लिहिणे असे डोमेन लोकल ग्रुप (डोमेन म्हणजे या एका दप्तराखालची सगळी मशीनं आणि माणसं), आणि फोल्डरच्या सिक्युरिटीत फक्त हेच. मग अकाउंट ग्रुपला पगार-लिहिणेमध्ये टाकलं की झालं. सुरुवातीला वाटतं एवढा कुटाणा कशाला, पण काट्यावरचा माणूस गोडाऊनला गेला की एका ग्रुपातून काढून दुसऱ्यात टाकायचं, दोन क्लिक, आणि कोणत्या फोल्डरवर त्याचं काय काय राहिलं हे शोधत बसायचं काम नाही. ग्रुपात टाकल्यावर लगेच फोन येतो की "अजून उघडून नाही राहिलं", त्याला सांगायचं पूर्ण लॉगऑफ करून परत ये, स्क्रीन लॉक करून उघडल्यानं चालत नाही, ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी घेतली जाते. आणि "डिनाय" वर टिक मारायचा मोह आवरा, एकाला अडवायला गेलो आणि तो ज्या ग्रुपात होता तो पूर्ण ग्रुपच बाहेर, असं मी केलेलं आहे.

पासवर्डची पॉलिसी बसवताना माझे दोन तास वाया गेले कारण मी ती काट्याच्या ओयूवर लावली होती. तिथं लावली तर डोमेनच्या युजरला ती लागतच नाही, फक्त त्या ओयूतल्या मशीनच्या लोकल अकाउंटला लागते. डोमेनची पासवर्ड पॉलिसी डोमेनच्या पातळीवरच लावावी लागते, आणि एखाद्या ग्रुपला वेगळी पाहिजे असेल तर फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी नावाचा वेगळा प्रकार आहे. विंडोजची आलेली सेटिंग म्हणजे कमीत कमी सात अक्षरं, ४२ दिवसांनी बदला, मागचे २४ चालणार नाहीत. ४२ दिवसांचा परिणाम आमच्याकडे असा झाला की कापूस१, कापूस२, कापूस३ असं सुरू झालं आणि चालू आकडा काट्याच्या काचेवर खडूनं लिहिलेला. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनंही २०१७ च्या मार्गदर्शनात उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका असं सांगितलं आहे. मी कमीत कमी चौदा अक्षरं केली आणि दिवसांची सक्ती काढली, फुटला असं वाटलं तर मात्र त्याच दिवशी बदलायचा. लोकांना सांगितलं की एक अख्खं वाक्य टाका, बैल, नाला, आजी, जे काय आठवेल ते, मध्ये एक कॅपिटल आणि एक आकडा. दिवाणजी आधी कुरकुरले, आता सगळ्यात लांब पासवर्ड त्यांचाच आहे म्हणतात.

तर तो काटाबाबू. लॉकआउट शोधायचं म्हणजे जो सर्व्हर पीडीसी एम्युलेटर आहे (चुकीचे पासवर्ड आणि लॉक शेवटी ज्याच्याकडे पोचतात तो) त्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडून ४७४० नंबर शोधायचा, ऑडिटिंग चालू असेल तर त्यात "कॉलर कम्प्युटर नेम" म्हणून मशीनचं नाव येतं, म्हणजे चुकीचा पासवर्ड कुठून आदळून राहिला ते. माझ्याकडे नाव आलं जुन्या काट्याच्या मशीनचं. सरकीच्या गोडाऊनमागं ते मशीन, कोणी वापरत नाही म्हणून सगळे विसरलेले, जाऊन पाहतो तर कीबोर्डवर रुईचा थर, स्क्रीन बंद पण सीपीयूचा दिवा चालू. दिवाळीआधी काटाबाबूनं तिथं लॉगिन केलं होतं आणि नेटवर्क ड्राइव्हला पासवर्ड सेव्ह करून ठेवला होता, नंतर पासवर्ड बदलला, आणि हे बिचारं मशीन जुनाच पासवर्ड घेऊन दर थोड्या वेळानं दार ठोकून राहिलं होतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून, जिथं विंडोज सेव्ह केलेले पासवर्ड ठेवते, जुनं काढलं, लॉगऑफ केलं, संपलं. अशा वेळी मोबाइलचं वायफाय, शेड्यूल्ड टास्क आणि उघडी राहिलेली रिमोट सेशन हेही बघायचं. लॉकची मर्यादा तीन वगैरे ठेवू नका, मी दहा चुकांनंतर पंधरा मिनिटं ठेवली आहे.

पासवर्ड बरोबर आहे, अकाउंट लॉक नाही, तरी आत घेत नसेल तर घड्याळ बघा. केर्बेरोसला मशीन आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमच्याकडे रात्रभर लाईन गेली आणि मदरबोर्डचा सेल मेलेला असला की सकाळी मशीन कुठल्या तरी जुन्याच सालात उठतं. २०३२ नंबरचे पाच-सहा सेल ड्रॉवरमध्ये ठेवा.

वणीचं इंटरनेट गेलं आणि त्यांचा सर्व्हरही बंद असला तरी लोक आत येतात, कारण विंडोज मशीनवर मागच्या दहा युजरची लॉगिन साठवून ठेवते. पण तेव्हा चालतो तो जुना पासवर्ड. मी इकडून रीसेट करून नवीन सांगितला की तो तिकडे चालत नाही आणि मग माझ्यावरच खापर.

दर वेळी रीसेटसाठी मीच काहून उठू, म्हणून वणीच्या एका पोराला त्यांच्या ओयूवर "डिलिगेट कंट्रोल" मधून फक्त पासवर्ड रीसेटचा हक्क दिला, त्याला अ‍ॅडमिन करायची काहीच गरज नव्हती. तरी एका मोठ्या साहेबांचा पासवर्ड त्याला बदलता येईना. निघालं असं की साहेबांनी कधीकाळी हट्टानं स्वतःला डोमेन अ‍ॅडमिन्समध्ये, म्हणजे सगळे हक्क असलेल्या ग्रुपात, टाकून घेतलं होतं, आणि अशा अकाउंटवरचे हक्क सर्व्हर दर तासाला स्वतःच्या ठरलेल्या साच्यावर परत आणतो, बाहेरून दिलेलं पुसून टाकतो. त्यांना गोड बोलून ग्रुपातून काढलं, तरी इन्हेरिटन्स (वरच्या ओयूचे हक्क खाली उतरणं) बंदच राहतो, तो हातानं चालू करावा लागला. डोमेन अ‍ॅडमिन्समध्ये आता माझं एक वेगळं अकाउंट आणि एक लिफाफ्यात सील करून तिजोरीत, बस. त्या अकाउंटनं मी मेल पाहत नाही आणि इंटरनेटही उघडत नाही.

महिन्यातून एकदा पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड टाकायची खिडकी) सर्च-एडीअकाउंट ही कमांड चालवून ९० दिवसांत न वापरलेल्या अकाउंटांची यादी काढतो, छापतो आणि दिवाणजींच्या पुढ्यात ठेवतो. त्यातली शेवटच्या लॉगिनची तारीख चौदाएक दिवस मागं असू शकते, म्हणून ३० दिवसांवर काढून लगेच कोणाला बंद करू नका. दिवाणजी चष्मा लावून लाल पेनानं एकेक नावावर बोट ठेवत जातात, हा आजारी आहे, हा गावाकडं गेला, ही बाळंतपणाला. मागच्या वेळी एका नावावर थांबले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अबे, हा तर तूच हायेस ना, जुना?" खरंच माझंच होतं, ट्रेनी असतानाचं, आणि त्याला अजून पगार-लिहिणे होतं.