वाऱ्यात ब्लाइंड आपटू नये म्हणून

खिडकी उघडी हवी आणि ब्लाइंडही खाली सोडलेला हवा, ही मागणी तशी साधी. पण मुंबई-ठाण्यातल्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये जून लागला की तळपट्टी रात्रभर चौकटीवर ठकठक आपटते आणि गॅलरीतल्या चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्याच्या, काड्या मोडतात. पुण्याकडे हाच प्रकार एप्रिल-मेच्या वळवात होतो, फक्त तिथे तासाभरात निभावतं.

बहुतेक जण आधी खाली वजन लावतात. आता हिशेब बघा. ताशी 40 किलोमीटरचा वारा समोरून पूर्ण अडला, तर दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा दाब येतो. चार बाय पाच फुटांच्या ब्लाइंडवर जवळपास 14 किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तळपट्टीत घातलेली अर्ध्या किलोची सळई झुळकीपुरती ठीक आहे, जोराच्या झोताला ती पुरत नाही. म्हणून ब्लाइंड खालून आणि कडांना धरायचा.

1. वारा कुठे ढकलतो ते पाहा

ब्लाइंड सोडून खिडकी उघडा. तो खोलीत फुगतो की बाहेर ओढला जातो? खोलीत फुगत असेल तर समोरचं दार लोटून बघा. हवेला पलीकडे वाट उरली नाही की बराचसा त्रास तिथेच थांबतो, आणि हे फुकटात होतं. स्लायडिंग खिडकी असेल तर एका बाजूने सताड उघडण्याऐवजी दोन्ही टोकांना चार-चार बोटं फट ठेवून पाहा.

2. रोलर ब्लाइंड: तळपट्टी अडकवा, मग बाजू

तळपट्टीच्या दोन्ही टोकांना अडकणारे छोटे ब्रॅकेट पडद्याच्या दुकानात मिळतात. ब्लाइंड पूर्ण खाली सोडा, तळपट्टी जिथे येते तिथे पेन्सिलने खूण करा आणि ब्रॅकेट खुणेच्या किंचित खाली बसवा, म्हणजे कापड जरा ताणलेलं राहील. सैल कापडातच वारा शिरतो.

खिडकीचा कट्टा ग्रॅनाइटचा असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर कडेचा कपचा उडेल. टाइलचं बिट लावा, खुणेवर चिकटपट्टी मारा म्हणजे बिट घसरणार नाही, आणि हळूहळू पाणी सोडत छिद्र पाडा. ड्रिल विजेवर चालणारं असेल तर पाणी थेंबाथेंबानेच, मशीनपासून लांब. छिद्रात प्लग बसवण्याआधी थोडं सिलिकॉन भरा. हे टाळलं की पावसाचं पाणी तिथून भिंतीत उतरतं, आणि पुढे खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलणं होतं.

रुंदी चार फुटांच्या वर असेल तर मधला भाग तरीही फुगतो. अशा वेळी दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत स्टीलची बारीक तार ताणून घ्या. तळपट्टीची टोकं तिच्यावरून सरकतात. हे काम माणूस बोलावून करून घेतलेलं बरं, कारण तारा ओळंब्यात नसल्या की ब्लाइंड मध्येच अडकतो.

व्हर्टिकल, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड उघड्या खिडकीशी कधी जमत नाहीत, माझं स्पष्ट मत. तळाची साखळी शाबूत ठेवा आणि वारा असला की सगळ्या पट्ट्या एका बाजूला ओढून घ्या. व्हेनेशियन, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडमध्ये पट्ट्या सपाट ठेवल्या तर वारा त्यांच्यामधून निघून जातो.

3. गॅलरीतला चिकाचा पडदा

इथे लोक दोरी शेवटच्या काडीला बांधतात आणि पहिल्याच झोताला काडी मोडते. दोरी खालच्या जाड दांड्याभोवती घ्या, वरच्या चार-पाच काड्याही त्या वेढ्यात येऊ द्या. बांधायला साध्या सुतळीपेक्षा हुक असलेली लवचीक दोरी चांगली. झोत आला की ती ताणते, आणि भिंतीतला स्क्रू उपटून येत नाही. साधीच दोरी असेल तर सुरगाठ मारा. भिजलेली निरगाठ पावसात उभं राहून सोडणं म्हणजे शिक्षा आहे.

गॅलरीला ग्रील असेल तर अर्धं काम झालंच आहे. पडदा ग्रीलच्या आतून सोडा आणि त्याच्या आतल्या अंगाने छतापासून कठड्यापर्यंत दोन दोऱ्या उभ्या ताणा, पडदा सहा फूट रुंद असेल तर तीन. बाहेर ग्रील, आत दोऱ्या, पडदा मधोमध. दोऱ्यांचं खालचं टोक हुकात अडकवलेलं असू द्या, कारण पडदा गुंडाळण्याआधी ती सोडावी लागतात.

विटा, पाण्याच्या बाटल्या असलं काही खाली लटकवू नका. बाराव्या मजल्यावरून सुटलेली बाटली कोणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. बाहेरच्या भिंतीत छिद्र पाडायचं तर सोसायटीला आधी विचारा. समुद्राजवळ हुक आणि स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. साधे लोखंडी खाऱ्या हवेत लवकर गंजतात.

4. भाड्याच्या घरात

ड्रिल चालत नसेल तर तळपट्टीच्या टोकांना आणि चौकटीला वेल्क्रो चिकटवा; आधी जागा पुसून अगदी कोरडी करा. चुंबक घेणार असाल तर लक्षात ठेवा, तो ॲल्युमिनियमच्या चौकटीला चिकटत नाही, लोखंडी ग्रीलला चिकटतो.

5. साखळी आणि लहान मुलं

ब्लाइंड ओढायची मण्यांची साखळी किंवा दोरी सैल लोंबकळू देऊ नका. तिच्या फासात लहान मुलाची मान अडकू शकते. साखळी भिंतीवरच्या ताण देणाऱ्या क्लिपमध्ये बसवा, दोरी जमिनीपासून दीड मीटरच्या वर गुंडाळून ठेवा, आणि पलंग किंवा पाळणा त्या खिडकीपासून लांब सरकवा.

6. कधी सोडून द्यायचं

वरची सगळी बांधाबांध रोजच्या मान्सूनच्या वाऱ्यासाठी आहे. 3 जून 2020 चं निसर्ग किंवा मे 2021 चं तौक्ते यांच्यासारख्या वादळाचा इशारा आला, तर ब्लाइंड पूर्ण वर घ्या, काचा लावा आणि गॅलरीतला पडदा हुकांवरून उतरवून घरात आणून ठेवा. नुसता गुंडाळून वर बांधलेला पडदा अशा वाऱ्यात सुटतो, आणि मग दांडा काचेवर आपटतो.