बीपीची गोळी सुरू झाली, आता घरात काय काय करायचं

माझं वय ४७, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं गाव, घरी पाच एकर कपाशी-तूर, आणि मला बीपीची गोळी सुरू होऊन सहा वर्षं झाली. या महिन्यात आमच्या गल्लीतल्या तीन जणी हातात दवाखान्याचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या, गोळी लागली म्हणे, आता काय करायचं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. कोणती गोळी अन् किती ते डॉक्टरच ठरवणार, मी फक्त गोळी घरात, शेतात, सणावारात कशी निभवायची ते सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बीपी दुखत नाही. माझी जाऊबाई म्हणायची, "मले काही होऊनच नाही राहिलं, त गोळी कायले खाऊ?" आमचे सासरे पण हेच म्हणायचे, अन् एका सकाळी गोठ्यात दुधाची बादली हातातून सुटली, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ते वखर हाकत होते. मोटरचं प्रेशर वाढलं की पाईप कुठेतरी जोडावर फुटतो पण फुटेपर्यंत वरून काही दिसत नाही ना, तसंच आहे, आत मेंदूच्या, किडनीच्या, डोळ्याच्या नसा खराब होत राहतात अन् माणूस हिंडत-फिरत असतो. म्हणून "बरं वाटतं का" यावर गोळी ठरवायचीच नाही, मशीनवरच्या आकड्यावर ठरवायची, अन् आकडा चांगला आला तरी गोळी सोडायची नाही कारण तो गोळीमुळंच चांगला आला.

जास्त आकडा म्हणजे दवाखान्यात मोजल्यावर वरचा १४० किंवा खालचा ९० च्या वर, अन् तोही एकदा नाही तर वेगवेगळ्या दिवशी मोजून. घरी निवांत मोजलं तर १३५/८५ च्या वर जास्त धरतात. तीस वर्षांच्या वरच्या कोणाचंही बीपी-शुगर उपकेंद्रात फुकट तपासतात, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, आशाताई घरी येऊन फॉर्म भरते तेव्हा "मला काही नाही" म्हणून तिला परत पाठवू नका.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी दिवाळीच्या टायमाला कापूस फुटला, वेचायला बाया मिळेनात, मीच सकाळी सहाला निघायची ते दिवस मावळल्यावर घरी. गोळ्या संपल्या. सरकारी दवाखाना नऊ किलोमीटर, जायचं म्हणजे एक दिवसाची वेचणी बुडाली, म्हणून उद्या जाऊ, बाजाराला जाऊ, कापूस विकल्यावर जाऊ असं करता करता दीड महिना गेला. मला काही झालं नाही, उलट वाटलं बीपी गेलंच असेल. मग गावात शिबिर लागलं तिथे मोजलं तर १८२/११०. सिस्टरनं बसवलं, पाणी दिलं, थोड्या वेळानं परत मोजलं, १७८/१०८. ती काही रागावली नाही, फक्त विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतली वो ताई?" अन् मला तारीख सांगता येईना.

त्या दिवसापासून मला कळलं की आमच्याकडे गोळी विसरल्यानं कमी चुकते, संपल्यानं जास्त चुकते. पेरणीत संपते, वेचणीत संपते, लग्नसराईत संपते. म्हणून सगळा बंदोबस्त संपू न देण्याचा करायचा. मी काय करते, महिन्याच्या तीन स्ट्रिप आणल्या की लगेच बॉलपेन घेऊन मागच्या चांदीवर प्रत्येक गोळीवर तारीख टाकते, एक, दोन, तीन अशी. दोन मिनिटांचं काम आहे. मग सकाळी घेतली की नाही घेतली हा प्रश्नच नाही, आजची तारीख फुटली असेल तर घेतली. अन् तिसऱ्या स्ट्रिपच्या वर लाल पेनानं "आणा" लिहिते. ती स्ट्रिप उघडली म्हणजे दहा दिवस हातात आहेत अन् त्या दहा दिवसांत एक तरी आठवडी बाजार येतोच, त्याच दिवशी दवाखाना उरकायचा. जुलैच्या पेरणी-डवरणीत अन् ऑक्टोबर ते डिसेंबरच्या वेचणीत डॉक्टरला आधीच सांगायचं की साहेब पुढं यायला जमणार नाही, जास्त दिवसांच्या द्या, साठा असेल तर देतात. सरकारी दवाखान्यात स्टॉक नसला तर रिकाम्या हातानं परत येऊ नका, चिठ्ठी लिहून घ्या अन् तालुक्याला जनऔषधीचं दुकान असेल तर तिथे विचारा, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या तिथे कंपनीच्या नावाच्या गोळीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. फक्त नाव अन् मिलिग्रॅम जुन्या स्ट्रिपशी जुळवून पाहायचे, कारण रंग-आकार बदलला की आपण घाबरून एक जुनी अन् एक नवी अशा दोन्ही खातो, आमच्या गल्लीत हे झालेलं आहे.

गोळी कुठं ठेवायची हे पण महत्त्वाचं. मी चहाच्या डब्याशेजारी ठेवते कारण चहा मी कधी विसरत नाही. पण चुलीजवळ नको, अन् टिनाच्या घरात एप्रिल-मे मध्ये वरच्या फळीवर तर नकोच, आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, टिनाखाली त्याहून जास्त, बहुतेक गोळ्यांवर ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात मी डबा आतल्या मातीच्या खोलीत खालच्या कोनाड्यात ठेवते. एखाद्या दिवशी राहूनच गेली तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्यायची, दुसरा दिवस उजाडला असेल तर गेलेली सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाही.

गोळीचा त्रास झाला तर गोळी बंद करायची नाही, सांगायचं. अम्लोडिपिननं काही जणांच्या घोट्याला सूज येते, मला आली होती, चपलेचा पट्टा रुतायचा. रामिप्रिल किंवा एनालाप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो अन् लोक महिना महिना खोकल्याचं औषध पितात. दोन्हीला बदली गोळी आहे, माझी बदलून दिली. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल, क्लोनिडिन असल्या गोळ्या एकदम बंद केल्या तर बीपी उसळी मारू शकतं किंवा छातीत धडधड होते. अन् घरात कोणी पोटुशी असेल किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

यापेक्षा मोठा धोका मला दुखण्याच्या गोळ्यांचा वाटतो, कारण त्याबद्दल कोणी बोलतच नाही. दिवसभर वाकून कापूस वेचला की कंबर धरते, मग किराणा दुकानातून एक गोळी, नाहीतर दवाखान्यात जाऊन "एक सुई लावून द्या जी". डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात अन् टेल्मिसार्टन किंवा लघवीच्या गोळीसोबत (लघवी वाढवून बीपी उतरवणारी गोळी) रोज रोज घेतल्या तर किडनीवर जातात, त्यात अंगात पाणी कमी असलं तर आणखीनच. वेचणीच्या दोन महिन्यांत हे तिन्ही एकत्र येतात. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच, मला बीपीची गोळी सुरू आहे, अन् स्ट्रिप दाखवायची. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालेल का ते विचारून घ्यायचं. मी रात्री गरम पाण्याची पिशवी लावते अन् वेचताना कंबरेला बांधलेली कापसाची ओटी जड होऊ देत नाही, लवकर लवकर रिकामी करते, त्यानं खरंच फरक पडतो. नाक बंद झाल्यावर सर्दीची गोळी घेतो त्यातल्या काहींनी पण बीपी चढतं, अन् खोकल्याला जेष्ठमध रोज चघळत असाल तर ते पण थांबवा.

आता मीठ. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, त्यात सगळं आलं. पण चमच्यानं कोण मोजतं, मी पिशवीवर तारीख टाकायला लागली. आम्ही घरात पाच जण, ५ ग्रॅमच्या हिशोबानं एक किलोची पिशवी चाळीस दिवस जायला पाहिजे, आमची अठरा दिवसांत संपली! म्हणजे माणशी अकरा ग्रॅम. तेव्हा मला धक्का बसला कारण मला वाटायचं मी बेतानंच टाकते. लोणच्याचा महिना सोडून तुम्ही पण हे करून पाहा. मग मी भाकरीच्या पिठातलं अन् भातातलं मीठ बंद केलं, पंधरा दिवस घरच्यांनी कुरकुर केली, मग कोणाला कळलंसुद्धा नाही. भाजीत थोडं थोडं कमी केलं, अंबाडीची भाजी, लिंबू, चिंच, कच्चा लसूण, जवसाची चटणी यांनी चव राहते. आता पिशवी महिनाभर जाते, अजून चाळीसवर यायची आहे. पापड, कुरडया, मुगोड्या, सांडगी मिरची, फरसाण हे रोज ताटात नको, पापडात मीठ तर असतंच पण पापडखार अन् सोडा यात पण सोडियमच असतं. सैंधव मिठानं बीपी वाढत नाही असं गावात सांगतात, ते पण मीठच आहे. अन् बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर विचारल्याशिवाय आणू नका.

खर्रा अन् तंबाखूबद्दल थोडक्यात, खाल्ल्यावर बीपी अन् ठोके दोन्ही वाढतात अन् हार्टचा धोका वेगळाच, आमचे हे सोडून राहिले आहेत, दिवसाला पाचावरून एकावर आले, मी रोज विचारते पण भांडत नाही.

मशीन घ्यायचं असेल तर दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सरळ, मांडी नाही, पायावर पाय नाही, हात टेबलावर किंवा उशीवर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, लुगड्या-ब्लाऊजवरून नाही. बोलायचं नाही. एक मिनिट सोडून परत मोजा, दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. डॉक्टरकडे जायच्या आधी सात दिवस सकाळी गोळीच्या आधी अन् संध्याकाळी एवढं पुरे. दर तासाला मोजू नका, आकडा पाहून जीव घाबरा होतो अन् घाबरल्यानं आकडा वाढतो, मी पहिल्या महिन्यात हेच करत होती. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन सिस्टरच्या मशीनशी ताडून घ्या.

चाळिशी-पन्नाशीतल्या बायांसाठी एक वेगळं. पाळी जायच्या वयात अंगातून एकदम वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री झोप मोडते, अन् आपल्याला वाटतं बीपी वाढलं, मग कोणी अर्धी गोळी जास्त खाते. तसं करायचं नाही, मोजून पाहायचं, माझं तेव्हा बहुतेक वेळा नॉर्मल निघायचं. पण याच वयात बायांचं बीपी खरंच वाढायला लागतं, त्यामुळं उलटं पण करू नका, सगळं पाळीवर ढकलून मोजायचंच नाही असं.

उन्हाळ्यात उभं राहताना डोळ्यापुढे अंधारी येत असेल, खास करून लघवीची गोळी सुरू असेल तर, मोजा अन् दाखवा, उन्हात घामानं पाणी जातं अन् बीपी उतरतं, डॉक्टर डोस कमी करून देऊ शकतात. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करून विचारायचं की गोळी चालू ठेवू का. श्रावणात, नवरात्रात उपवास असला तरी गोळी पाण्यासोबत घ्यायचीच, त्यानं उपवास मोडत नाही. शेगावला पायी वारीत जाताना दिवस मोजून अधिक चार गोळ्या, स्ट्रिपसकट, कंबरेच्या पिशवीत, सामानाच्या गाडीत नाही.

फवारणी करून आल्यावर चक्कर, मळमळ, डोळ्यात-तोंडात पाणी, अंधुक दिसणं झालं तर बीपी समजून घरी झोपून राहू नका, कपडे बदलून साबणानं अंग धुवायचं अन् औषधाची बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत.

आणि वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढं दिसला तर पाच मिनिटं बसून परत मोजा, तेवढाच असेल अन् काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, जास्तीची गोळी स्वतःच्या मनानं नाही. पण छातीत दुखतं, दम लागतो, तोंड वाकडं, हात-पाय उचलत नाही, बोलणं अडखळतं, एकदम दिसेनासं झालं, यातलं एकही असेल तर आकडा कितीही असो, लगेच १०८. लकव्यात मेंदूच्या नसेतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, ते पण सीटी स्कॅन झाल्यावर, अन् आमच्या गावाहून यवतमाळला पोचायलाच वेळ लागतो. सासऱ्यांना आम्ही आधी तेल चोळत बसलो, मग देवऋषीकडे नेलं, दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळ पाहून हातावर लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कशी आहे ते कळतं), पोटॅशियम, शुगर, कोलेस्टेरॉल, लघवी अन् ईसीजी, जमलं तर डोळ्याचा पडदा, हे तपासून घ्यायचं. मी पोळा झाल्यावर करते, तेव्हा कामाला थोडी उसंत असते अन् वेचणी लागायच्या आधी रिपोर्ट हातात येतो. बीपीची वही, रिपोर्ट अन् सध्याची स्ट्रिप मी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या मागच्या खिळ्याला टांगली आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे, रात्री-बेरात्री कोणाला न्यायची वेळ आली तर शोधाशोध नको.