बाईकवर चिखलदरा: परतवाड्याहून वर कसं जायचं
पावसाळा सरता सरता, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी निघा, तेव्हा मेळघाट असा हिरवा असते की काय सांगू. परतवाड्यातच टाकी फुल करा, ब्रेक अन् टायरची हवा बघून घ्या, मग धामणगाव गढीवरून घाट लागते.

चढताना गाडी ओढत नसली तर गिअर लगेच खाली टाका, क्लच अर्धा दाबून चढवू नका, क्लचप्लेट जळते. उतरताना तर हे अजूनच महत्त्वाचं, लोकं न्यूट्रल करून पेट्रोल वाचवतात, ते बिलकुल करू नका, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा म्हणजे इंजिनच गाडी धरते अन् ब्रेक तापत नाही. वळणावर हॉर्न द्या, आपली बाजू सोडू नका, समोरून एसटी आली तर थांबून जा. धुक्यात लाईट लो बीमवरच ठेवा.

वर १,१०० मीटरवर गारवा असते, जॅकेट न्या. भीमकुंड, पंचबोल, गाविलगड बघा, रबडी खा. सेमाडोहकडून परतायचं असेल तर दुपारीच निघा, व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, अंधारात जनावर आडवं येते.