टाइमस्टॅम्प चुकतोय? आधी फरक मोजा (पायथॉनवाल्यांनो, या चुका टाळा)

वेळ चुकीची दिसायली की लगेच कोड उघडायचा नाही, आधी फरक मोजायचा. स्क्रीनवरची वेळ आणि खरी वेळ यात नेमके किती तास किती मिनिटं आहेत ते कागदावर लिहा, कारण आपल्याला भारतात एक मोठा फायदा आहे, आपलं घड्याळ यूटीसीच्या (जगाची सामाईक प्रमाणवेळ) साडेपाच तास पुढं चालतं आणि तो वरचा अर्धा तास लपता लपत नाही. युरोपातल्या माणसाला एक तासाचा फरक दिसला तर तो टाइमझोनचा का उन्हाळी वेळेचा हे शोधत बसावं लागतं, आपल्याला 5:30 दिसलं की अर्धं काम तिथंच झालं.

इकडं संभाजीनगर, लातूर, नांदेडला पोरं साखर कारखान्याची, दूध डेअरीची, बाजार समितीची सॉफ्टवेअरं करायलेत, बरीचशी पायथॉनमध्ये, आणि चुका फिरून फिरून त्याच. म्हणून पायथॉन धरूनच लिहितो.

साडेपाच तासांचा फरक

हे समजायला पायथॉनच्या डेटटाइम ऑब्जेक्टच्या आत काय असतं ते एकदा बघाच. बऱ्याच जणांना वाटतं की आत 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद साठवलेले असतात. तसं नाहीये. सीपायथॉनमध्ये (म्हणजे आपण नेहमी वापरतो तेच पायथॉन) आत 10 बाइट असतात, वर्षाला 2, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद यांना एकेक, आणि मायक्रोसेकंदाला 3. म्हणजे घड्याळात काय दिसत होतं तेवढंच त्याला माहीत, ते घड्याळ कुठलं हे तुम्ही टाइमझोन दिला तरच माहीत. टाइमझोन न दिलेल्या ऑब्जेक्टला नाईव्ह म्हणतात, आणि त्याच्यावर टाइमस्टॅम्प ही मेथड (1970 पासूनचे सेकंद काढणारी) चालवली की पायथॉन सरळ धरून चालतं की ही वेळ या मशीनच्या लोकल झोनमधली आहे.

आता यूटीसीनाऊ बघा. ते आकडे यूटीसीचे देतं पण ते यूटीसीचे आहेत ही चिठ्ठी त्यावर लावत नाही. त्याच्यापुढं टाइमस्टॅम्प जोडलं की तुमच्या लॅपटॉपवर, जिथं आयएसटी म्हणजे भारतीय वेळ आहे, उत्तर बरोबर 19800 सेकंदांनी कमी येतं, आणि क्लाउडवरच्या सर्व्हरवर, जिथं झोन यूटीसीच असतो, तोच कोड अगदी बरोबर चालतो. मग लोक दोन दोन दिवस लॅपटॉपची सेटिंग बघत बसतात. पायथॉन 3.12 पासून यूटीसीनाऊ आणि त्याचा भाऊ यूटीसीफ्रॉमटाइमस्टॅम्प दोन्ही डेप्रिकेटेड (पुढं वापरू नका असे) केलेत, ते उगीच नाही. नाऊ लिहा आणि कंसात टाइमझोन डॉट यूटीसी द्या, विषय मिटला.

याच्या उलटं पण होतं. सेकंदांवरून वेळ काढणाऱ्या फ्रॉमटाइमस्टॅम्पला झोन दिला नाही तर ते मशीनच्या झोनमधली वेळ देतं, म्हणून रिपोर्ट लॅपटॉपवर चोख आणि सर्व्हरवर साडेपाच तास मागं.

आणि वेळ साडेपाच तास पुढं दिसत असेल तर कुणीतरी टाइमडेल्टा (वेळेतला फरक ठेवणारं ऑब्जेक्ट) घेऊन हातानं 5 तास 30 मिनिटं मिळवलेत आणि पुढं ब्राउझरनं त्याला यूटीसी समजून परत मिळवलेत. 11 तास पुढं दिसलं तर हातानं मिळवणारे दोन आहेत, एक बहुतेक डेटाबेसच्या क्वेरीत सापडेल. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये 330 (मिनिटं) आणि 19800 (सेकंद) हे दोन आकडे सर्च करा, जिथं सापडतील तिथं थांबून बघा. माझं स्पष्ट मत आहे की हे आकडे कुठल्याच कोडमध्ये दिसायला नकोत, झोनचं नाव एशिया-कोलकाता असं द्यायचं आणि बेरीज लायब्ररीला करू द्यायची.

23 मिनिटं, 12 तास आणि 1970

23 मिनिटांचा फरक दिसला तर डोळे झाकून पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी शोधा. डेटटाइम बनवताना टीझेडइन्फो म्हणून पायटीझेडचा एशिया-कोलकाता थेट दिला की ते ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) +5:30 न घेता +5:53 घेतं. ही कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, टाइमझोन डेटाबेसमध्ये त्या झोनची पहिली नोंद तीच आहे आणि पायटीझेडचा न जुळवलेला ऑब्जेक्ट पहिल्या नोंदीवरच थांबतो. सकाळी 10 ची मीटिंग 9:37 ला दिसायली तर हेच. लोकलाइझ ही मेथड वापरा, नाही तर सरळ झोनइन्फोवर या, पायथॉन 3.9 पासून ते सोबतच येतं. विंडोजवर फक्त टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाही तर झोन सापडला नाही म्हणून एरर येतो.

12 तासांचा फरक आणि तोही फक्त दुपारनंतरच्याच नोंदीत असेल तर स्ट्रिंग वाचतानाची चूक आहे. स्ट्रिंगमधून वेळ वाचणाऱ्या स्ट्रपीटाइममध्ये तासासाठी कॅपिटल एच (24 तासांचं घड्याळ) दिलाय आणि शेवटी एएम-पीएमसाठी पी दिलाय, असं असेल तर पायथॉन पीएम वाचतं पण तासाला लावत नाही. पी चा उपयोग फक्त कॅपिटल आय (12 तासांचं घड्याळ) सोबत होतो. एरर येत नाही, त्यामुळं ही चूक लई दिवस दबून राहते.

1 जानेवारी 1970, पहाटे 5:30 ही तारीख दिसली म्हणजे व्हॅल्यू शून्य आहे किंवा रिकाम्याचं कुणीतरी शून्य केलंय. जानेवारी 1970 चीच पण 20-21 तारीख दिसली तर सेकंद नेऊन मिलिसेकंद मागणाऱ्या जावास्क्रिप्टला दिलेत. उलटं केलं, मिलिसेकंद पायथॉनला दिले, तर वर्ष रेंजबाहेर म्हणून एरर येतो. आत्ताचा टाइमस्टॅम्प सेकंदात 10 आकडी असतो आणि मिलिसेकंदात 13 आकडी, बोटानं मोजा. कॉलमच्या नावातच सेकंद का मिलिसेकंद ते लिहून ठेवलं तर पुढच्या माणसाला मोजावं पण लागत नाही.

तारीखच बदलते तेव्हा

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते कारण हिच्यात पैशाचा आणि कागदपत्राचा संबंध येतो.

किल्लारीचा भूकंप आपल्याकडं कुणालाही विचारा, 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. जगातल्या भूकंपांच्या यादीत हाच भूकंप 29 सप्टेंबरला आहे, रात्री 10:26 च्या सुमारास, कारण ती यादी यूटीसीत असते. दोन्ही बरोबर आहेत. पहाटे 3:56 हा क्षण सेकंदात लिहिला तर 749341560, तो जगात कुठंही बसून बघा, तेवढाच. बदलते ती तारीख, आणि ती कुठल्या गावच्या घड्याळानं लावायची हे सांगितल्याशिवाय तारखेला अर्थच नाही.

आता हेच कारखान्याच्या काट्यावर आणा. गाळप हंगामात काटा रात्रभर चालतो. उसाची गाडी 12 डिसेंबरला पहाटे 4:40 ला काट्यावर आली, पावतीवर 12 तारीख छापली, पण डेटाबेसमध्ये यूटीसीत 11 डिसेंबर 23:10 गेलं, आणि रोजची यादी करणाऱ्यानं त्या कॉलमवरून सरळ तारीख काढली. म्हणजे रात्री 12 ते पहाटे 5:30 मध्ये आलेली प्रत्येक गाडी आदल्या दिवसात. महिन्याची बेरीज जवळपास जुळते म्हणून ऑफिसात कुणाच्या लक्षात येत नाही, अडकतो तो शेतकरी, ज्याच्या हातातली पावती एक सांगते आणि बिलाची यादी दुसरंच.

यूटीसीत साठवणं चूक नाहीये, ते चालू ठेवा. दिवसाच्या सीमा आपल्या घड्याळानं काढून मग यूटीसीत न्यायच्या. 12 डिसेंबर म्हणजे 11 डिसेंबर 18:30 यूटीसी पासून 12 डिसेंबर 18:30 यूटीसी पर्यंत, पहिली सीमा धरून आणि दुसरी सोडून. शेवटची सीमा 23:59:59 अशी लिहू नका, त्या शेवटच्या सेकंदाच्या अपूर्णांकात पडलेली नोंद गळते. आणि कारखान्याचा दिवस रात्री 12 ला बदलतो का शिफ्टसोबत, हे काट्यावरच्या माणसाला विचारून घ्या, पायथॉनला ते माहीत असायचं कारण नाही.

जन्मतारखेचं तर वेगळंच. आपल्याकडं शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली 1 जून ही जन्मतारीख गावोगाव आहे. 1 जून 1962 ला तुम्ही मध्यरात्रीचा टाइमस्टॅम्प केला, तो यूटीसीत 31 मे 18:30 झाला, आणि दुसऱ्या कुणीतरी त्यातून तारीख काढली की आजोबांचा जन्म 31 मे चा, मग आधारशी जुळत नाही, अनुदानाचा फॉर्म परत. शिवाय 1970 च्या आधीचा टाइमस्टॅम्प ऋण असतो आणि विंडोजवर पायथॉनच्या कित्येक व्हर्जनमध्ये फ्रॉमटाइमस्टॅम्प त्याच्यावर एरर देऊन थांबतं. जन्मतारीख हा क्षण नाहीच, ती नुसती तारीख आहे, डेट टाइपमध्येच ठेवा आणि कुठल्याच झोनमधून नेऊ नका.

किती वेळ लागला ते मोजताना

मोटार किती वेळ चालली, काम किती सेकंदात झालं, हे टाइम डॉट टाइमनं मोजू नका. ते भिंतीवरचं घड्याळ आहे, कुणी पुढं-मागं केलं की हलतं. शेतात ठिबकच्या कंट्रोलरसाठी रास्पबेरी पाय लावलेलं असतं, त्यात चार नंबरपर्यंतच्या बोर्डवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, त्यामुळं लाइट जाऊन आली की ते जुनी वेळ धरून सुरू होतं आणि नेट मिळालं की एकदम काही तास पुढं उडी मारतं. तेवढ्यात तुमचा पंधरा मिनिटांचा टायमर चालू असला तर पाणी मधेच बंद. टाइम डॉट मोनोटॉनिक वापरा, ते मागं जात नाही आणि वेळ दुरुस्त केली तरी उडी मारत नाही. त्याचा आकडा मात्र साठवून ठेवू नका, मशीन रीस्टार्ट झालं की त्याला काही अर्थ राहत नाही.

टाइमडेल्टाचं सेकंड्स आणि टोटल सेकंड्स यातला फरक पण इथंच सांगतो. आत दिवस, सेकंद, मायक्रोसेकंद असे तीन वेगळे खाने असतात, सेकंड्स विचारलं की दिवस सोडून उरलेलेच मिळतात. 25 तासांचं उत्तर 3600 येतं.

बारीक मोजमाप असेल तर फ्लोट (दशांश आकडा) टाळा. टाइम डॉट टाइम फ्लोट देतं आणि आजच्या आकड्याला त्याची सगळ्यात बारीक पायरी साधारण 240 नॅनोसेकंदांची पडते. सीपायथॉन स्वतः आत 64 बिटच्या पूर्णांकात नॅनोसेकंद ठेवतं, 292 वर्षं मागं-पुढं बसतात त्यात, आणि 3.7 पासून टाइम अंडरस्कोर एनएसनं तो पूर्णांक तुम्हालाही मिळतो. फ्लोटला हजारानं गुणून इंट केलं की कधीकधी एक मिलिसेकंद गळतो, आणि मग दोन टेबलं जोडताना नोंदी जुळत नाहीत.

अमेरिकेचं काम घेणाऱ्यांनी एवढं बघा. एकाच झोनइन्फोचे दोन डेटटाइम वजा केले की पायथॉन झोन बघतच नाही, नुसती घड्याळं वजा करतं. न्यूयॉर्कमध्ये 10 मार्च 2024 ला रात्री 1:30 ते 3:30, उत्तर दोन तास येतं, खरा वेळ एकच तास गेलेला. दोन्ही आधी यूटीसीत न्या, मग वजा करा. आपल्याकडं उन्हाळी वेळ नसल्यामुळं ही चूक इथल्या टेस्टमध्ये सापडत नाही.

म्हणूनच टेस्ट एका झोनमध्ये चालवून सोडू नका. लिनक्सवर टीझेड हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल बदलून त्याच टेस्ट तीनदा चालवा, यूटीसी, एशिया-कोलकाता आणि अमेरिका-न्यूयॉर्क. चालू प्रोग्रॅममध्येच तो बदललात तर टाइम डॉट टीझेडसेट बोलवायला विसरू नका, नाही तर जुनाच झोन धरलेला राहू शकतो. टेस्टमधली वेळ मुद्दाम रात्री 12 ते पहाटे 5:30 मधली निवडा, दुपारी 3 ची घेतली तर वरच्या तारखेच्या चुका सगळ्या पास होऊन जातात.